बोडीवरची चाल

इनायतला ती चाल सुचली तेव्हा त्याचे पाय शिलाईच्या मशीनवर होते. पोळा होऊन गेला होता, आरमोरीच्या बाजारगल्लीतला चिखल वाळत आला होता आणि दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. एका चोळीची बाही जोडता जोडता तो काहीतरी गुणगुणू लागला. बाही जोडून झाली, दोरा तोडला, तरी गुणगुणणं थांबेना. तेव्हा कुठे त्याचं स्वतःचं लक्ष तिकडे गेलं. त्यानं कोपऱ्यातली पेटी ओढली आणि सूर धरून पाहिले. बोटं एकदाही अडखळली नाहीत. संध्याकाळी बैल आपल्या पायानं गोठ्याकडे वळतात, तशी ती पट्ट्यांवरून चालत गेली.

इनायत धंद्यानं शिंपी, पण झाडीच्या मुलखात त्याला लोक ओळखायचे ते पेटीमास्तर म्हणून. दिवाळी झाली की त्या भागात गावोगाव मंडई भरते, आणि मंडईत दंडार उभी राहते. भर दिवसा, उघड्या मैदानात, सोंगं, नाच आणि गाणी. इनायत ज्या दंडारीत वाजवायचा तिचे मालक गुणवंतराव. ते स्वतः राजाचं सोंग घेत आणि गाण्यांचे शब्दही तेच रचत. बाईचं सोंग मुखरूकडे असे. मुखरू एरवी बिडीपत्ता तोडायला रानात जायचा, पण लुगडं नेसून उभा राहिला की बायकासुद्धा पदर सावरून बघत राहत.

गुणवंतरावांनी त्या चालीवर शब्द बसवले:

येजो गा येजो पाहुण्या, वैनगंगेच्या पाण्यानं,
रात सरली, वाट पाहून थकली डोळ्याची गा पाखरं.

शब्दांत फार काही नव्हतं, पण गाणं पहिल्याच मंडईत उचललं गेलं. लोकांनी ते तीनदा म्हणायला लावलं. दुसऱ्या गावात दंडार पोचायच्या आधी गाणं पोचलं होतं. इनायत त्या दिवसांत जरा ताठ चालायचा, हे त्याच्या बायकोनंही ओळखलं होतं.

मग एकेक जण बोलू लागला. वडशाच्या मंडईत स्टेशनावरचा एक हमाल म्हणाला, "मास्तर, हे तं सिनेमातलं उचललं तुमी." वैरागडला एका भजनीबुवानं डोळे मिटून ते ऐकलं आणि आपल्या गुरूच्या तोंडी हीच चाल होती असं छातीवर हात ठेवून सांगितलं. लाह्या विकणारी एक म्हातारी म्हणाली, माही सासू धान कांडताना असंच काही म्हने. प्रत्येकाला आपलं काहीतरी जुनं आठवत होतं, आणि एकाचं दुसऱ्याशी जुळत नव्हतं.

इनायत चिडला. "माह्या डोक्यातून निघाली ना ती! मी कोनाच्या घरातून आनली काय?"

गुणवंतराव हसले. "अरे, पोरगी देखणी निघाली का चार गावं म्हनतात आमच्या नात्यातली हाये. तू काऊन जीवाले लावून घेतं?"

इनायतनं मान हलवली. पण खरी गोष्ट त्यानं कोणाला सांगितली नव्हती. मुखरूनं ती पहिली ओळ उचलली की इनायतच्या नाकात एक वास यायचा. शेवाळलेल्या पाण्याचा, ओल्या लाकडाच्या धुराचा. मैदान उन्हानं तापलेलं असो, आजूबाजूला चिवडा आणि भजी तळत असोत, तो वास यायचाच. गाणं संपलं की वासही जायचा.

कार्तिकाच्या उत्तरार्धात कोसमटोल्याची मंडई होती. आरमोरीच्या पूर्वेला, शेतं संपून जंगल सुरू होतं तिथलं हे गाव. दंडारीची बैलबंडी दुपारच्या आत पोचली. गावाबाहेर एक जुनी बोडी, म्हणजे छोटा तलाव, त्याची उंच पाळ आणि पाळीवर एकटी झोपडी. बंडी पाळीखालून गेली तेव्हा इनायतनं वर पाहिलं आणि उगाच खांद्यावरचं उपरणं घट्ट ओढून घेतलं. बोडीचा वास तोच होता. बोड्या सगळ्या सारख्याच, असं त्यानं मनाशी म्हटलं.

खेळ रंगला. गुणवंतरावांचा राजा पडला, उठला, लोक हसले. मग मुखरू कमरेवर हात ठेवून पुढे आला आणि इनायतनं भात्यावर हात घातला.

पहिली ओळ संपायच्या आत पुढे बसलेली एक म्हातारी उठली. तिनं पदर डोक्यावरून तोंडावर ओढला, शेजारच्या सुनेला कोपरानं ढोसलं आणि दोघी चालू लागल्या. त्यांच्या मागोमाग आणखी काही बायका उठल्या. पोरींना दंडाला धरून उठवत होत्या. पुरुषांत जे पिकल्या केसांचे होते ते उभे राहिले. तरुण माणसं भांबावून त्यांच्याकडे बघत होती. कोणी ओरडलं नाही, कोणी शिवी दिली नाही. मैदान नुसतं रिकामं होत गेलं. मुखरूचा आवाज चिरला, तरी तो गात राहिला, कारण पेटी थांबली नव्हती.

गावचे पाटील भैयाजी, साठीच्या पुढचा उंच माणूस, गर्दीतून वाट काढत आले. त्यांनी वाकून पेटीच्या भात्यावर आपला पंजा ठेवला. पेटी रडक्या सुरात बंद झाली.

"हे गानं आमच्या गावात नाई म्हनाचं," ते म्हणाले.

"काय चुकलं, भाऊ?" इनायतनं विचारलं.

"चुकलं काई नाई. तुमाले ठाऊक नसंल." त्यांचा आवाज अगदी मऊ होता, आणि म्हणूनच इनायतला भीती वाटली.

तेवढ्यात त्याला दिसलं की मैदान पूर्ण रिकामं झालेलं नाही. पार मागे, जिथं बायका बसल्या होत्या तिथून बरंच दूर, एक बाई एकटी बसली होती. केस पांढरे, अंगावर विटलेलं लुगडं. ती मुखरूकडे बघत नव्हती, भैयाजींकडेही नाही. तिची नजर पेटीवर होती. नजरानजर होताच ती हळूच उठली आणि बोडीच्या पाळीकडे चालू लागली.

भैयाजींनी दंडारीतल्या लोकांना घरी नेऊन जेवू घातलं. पाहुण्यांना उपाशी धाडणारं ते गाव नव्हतं. त्यांची बायको सुगंधाबाई वाढत होती. मैदानातून सगळ्यांत आधी उठलेली म्हातारी तीच. जेवण होईस्तोवर कोणी विषय काढला नाही. पानं उचलल्यावर इनायतच म्हणाला, "भाऊ, ती चाल माही हाये. मी केली. तुमच्या गावाचा तिच्याशी काय संबंध, तेवढं मले सांगा."

भैयाजींनी बायकोकडे पाहिलं. सुगंधाबाई उंबऱ्यावर बसली.

"मानमोडीच्या तापाची साथ आली तेव्हा मी नवी नवरी होती," ती म्हणाली. "धान शेतात उभं वाळलं, कापाले मानूस नाई. एकेका घरातून रोज कोनी ना कोनी जाय. न्याले खांदेकरी भेटत नव्हते. पाळीवरच्या त्या भागीरथाचं सासर पहिल्या हप्त्यात झोपलं. नवरा गेला, सासू गेली, पोचू नावाचं तान्हं लेकरू होतं तेही गेलं. ती एकटी उरली. मंग गाव सोडून बोडीच्या पाळीवर, राखनीच्या झोपडीत जाऊन राह्यली. आमी दारं लावून बसलो होतो, कोन कोनाकडे जाते! पन तिचं गानं ऐकू ये. दिवसभर. पान्यावरून आवाज येते ना, तसा. इकडे घरात मढं, अन् तिकडून अंगाईगीत."

"हीच चाल?"

"हीच. आमाले वाटे, ती थांबली का मरनं थांबतीन. अन् ती तं थांबतच नव्हती." सुगंधाबाईनं पदरानं तोंड पुसलं. "मंग साथ ओसरली. लोक बाहेर निघाले. तं ही गावात धावत आली, केस मोकळे, दारोदार इचारत सुटली, माहं लेकरू कोनी नेलं? आता तिचं लेकरू तं कवाच मातीत गेलं होतं. आमी समजावलं. ती म्हने, दुसरं होतं. दुसरं कुठचं? कोनीच पाह्यलं नव्हतं. मंग एक दिवस ती पुन्हा गाताना दिसली, मांडीवर गाठोडं घेऊन. मी सोता पाह्यलं. चिंध्या होत्या, गा. जुन्या लुगड्याच्या चिंध्या. तिले पाजत होती."

बाहेर बैलाच्या गळ्यातली घंटी वाजली.

"तवापासून ती चाल या गावात कोनाच्या तोंडून निघाली नाई," भैयाजी म्हणाले. "जात्यावर नाई, धानाच्या रोवन्यात नाई. तिनंही सोडली. इतके वर्स झाले. आमाले वाटलं होतं, ती चाल आमच्याबरोबरच जाईन. अन् आज तुमच्या पेटीतून निघाली."

परतीच्या वाटेवर बंडीत मुखरूनं विचारलं, "मास्तर, मेलेल्या लेकराची चाल जित्या मानसाच्या अंगात येते काय हो?" गुणवंतरावांनी त्याला दटावून गप्प केलं. पण प्रश्न बंडीत बसून आरमोरीपर्यंत आला.

त्यानंतर इनायतला पेटीजवळ जाववेना. मशीनवर बसला की पायांची लय आपोआप तीच व्हायची. पाय थांबवावेत तर कानात सुरू. तो पाणी प्यायला विहिरीवर गेला तर रहाट तीच चाल काढतोय असं वाटायचं. गल्लीतल्या पोरी फुगडी घालताना तेच गाणं म्हणू लागल्या तेव्हा तो त्यांच्यावर खेकसला, आणि नंतर त्याची त्यालाच लाज वाटली. चिंध्यांची तर त्याला भीतीच बसली. शिंप्याच्या दुकानात चिंध्या नसतील तर काय! कातरणांचं पोतं त्यानं बायकोला सांगून दुकानातून हलवलं. कारण सांगितलं नाही.

शेवटी तो आपल्या फुफीकडे, बापाच्या बहिणीकडे गेला. अख्तरी फुफीनं त्याला लहानाचा मोठा केला होता. त्याची आई रशिदा साथीत गेली, बाप शफी गावोगाव चुड्या विकायचा, तोही इनायत चार-पाच वर्षांचा असताना गेला, एवढंच त्याला ठाऊक होतं. फुफी आता अंगणात खाटेवर पडून असायची. डोळ्यांना कमी दिसायचं, कान मात्र तिखट होते.

"फुफी, माही अम्मी कुठी मेली?"

"जंगलात. सांगितलं ना तुले किती खेपा."

"कोनत्या गावी?"

फुफीनं तोंड फिरवलं. मग त्यानं तिच्या उशाशी बसून, आवाज अगदी खाली घेऊन, ती चाल गुणगुणली. दोन ओळी झाल्या आणि म्हातारीनं त्याच्या तोंडावर हात ठेवला.

"हे तुले कोनं शिकवलं?"

"तूच सांग."

तिनं हात काढून घेतला. "तुह्या अब्बानं मले कसम घातली होती," ती म्हणाली. "पन आता कसम घालनाराच नाई उरला. ऐक. तुही अम्मी कोसमटोल्याच्या बाहेर आंब्याच्या झाडाखाली गेली. शफीले बी ताप. तू सात-आठ महिन्यांचा, दुधासाठी रडून निळा झाला होता. तिथी बोडीवर एक बाई होती. तिचं सारं घर बुडालं होतं. तिनं काई इचारलं नाई, जात नाई का धरम नाई. तुले उचललं अन् छातीले लावलं. शफीले पेज पाजली. गावच्या कोतवालानं तुह्या अम्मीसाठी खड्डा खोदला, अन् त्याच हप्त्यात तोही गेला. दुसऱ्या कोनी तुमाले पाह्यलंच नाई, बेटा. गावात पाहासाठी कोनाचे डोळे उघडे होते!"

"मंग अब्बानं लपवलं काऊन?"

"शफी उठून चालाले लागला, अन् त्यानं तुले मागितलं. ती देईना. म्हने, हा माहा पोचू हाये. तिच्या लेकराचं नाव तुले लावलं होतं. त्यानं हात पुढं केला तं कोयता घेऊन दारात उभी राह्यली. मंग एका सकाळी ती पान्याले उतरली, अन् ह्यानं तुले झोपेतच उचललं. रस्त्यानं नाई आला, जंगलातून आला. मागून हाक येत होती म्हने, किती तरी वेळ." फुफीनं डोळे मिटले. "साऱ्या मुलखाची लेकरं काड्या झाली होती, अन् तुह्या मांड्यांले वळ्या पडल्या होत्या. इथी आल्यावर तू तिच्यासाठी रडे. कोनाजवळ राहत नव्हता. मंग शफी तुले घेऊन ती चाल म्हने, तवा तू चूप होये. त्याले तेवढीच येत होती. अन् तुले झोप लागली का तो बाहेर जाऊन रडे. जिनं माह्या लेकराले जीव देला, तिच्याच घरी चोरी केली म्हने मी."

दुसऱ्या दिवशी इनायतनं सायकल काढली. पेटी घेतली नाही.

कोसमटोल्याच्या शिवारात धानाची कापणी चालली होती. बोडीच्या पाळीवर झोपडीसमोर भागीरथा शिंदीच्या पानांचे झाडायचे फडे बांधत बसली होती. गाव तिला त्रास देत नसे. पाळीच्या खालच्या दगडावर कोणीतरी तांदूळ ठेवून जाई, आणि तयार फडे घेऊन जाई. वर कोणी येत नसे.

"बाई, मी आरमोरीचा. त्या दिवशीचा पेटीवाला."

तिनं मान वर केली नाही. "ते गानं कोनाचं होय?"

"मले वाटत होतं माहं हाये."

तो खाली बसला आणि फुफीनं सांगितलेलं सगळं, जसंच्या तसं, सांगू लागला. आंब्याचं झाड, ताप, कोतवाल. तिचे हात पानं चिरत राहिले. कोयत्याचं आलं तेव्हा हात थांबले.

"चुडीवाल्याची बायको," ती अगदी हळू म्हणाली. "तिच्या हातात हिरवा चुडा होता. कोतवाल म्हने, फोडून टाक. मी नाई फोडू देला. हे म्या कोनालेच सांगितलं नाई, कधी. मले वाटे, हेही म्याच मनानं रचलं असंल."

"तुमी काई रचलं नाई, माय. ते लेकरू मी होय."

ती त्याच्याकडे बघू लागली. केस पिकू लागलेला, दाढी वाढलेला, चष्मा लावणारा माणूस. त्यात तिला काय सापडणार होतं? तिनं हात पुढे केला आणि अर्ध्यावरून मागे घेतला.

"लोकाईनं चिंध्या पाह्यल्या," ती म्हणाली. "त्यांचं खोटं नाई. लेकरू गेलं तवा दूध थोडंच थांबते? लुगडं फाडलं अन् गाठोडं बांधलं. मंग पुढं पुढं मलेच समजेना, आधी लेकरू होतं, का पयल्यापासून चिंध्याच होत्या. गाव म्हने चिंध्या. मी बी म्हनलं, चिंध्या असतीन." ती थोडं थांबली. "पन त्या रडत. गाठोडं खाली ठेवलं का रडत. ते खरं का खोटं, अजून मले ठाऊक नाई."

बोडीचं पाणी दुपारच्या उन्हात हलत नव्हतं.

"म्हन तं," ती म्हणाली.

त्यानं गुणगुणलं. दोन ओळींनंतर तो थांबला, कारण त्याच्याकडे तेवढंच होतं. गुणवंतरावांचं गाणंही तिथून परत पहिल्या ओळीवर यायचं. भागीरथानं ओठ ओले केले. आवाज फाटका होता, वापरात नसलेल्या दाराच्या बिजागरीसारखा, पण सूर जिथल्या तिथं पडला:

नीज गा नीज माह्या राघू, बोडीवर सुटले वारे,
बाप गेला बैलं धुंडाले, मिटली गावाची दारे,
तू उठशीन तवा घरी येतीन, गेले तेवढे सारे.

तिसऱ्या ओळीत चाल अचानक वर जात होती आणि तिथंच, वरच, सुटून जात होती. इनायतनं ती ओळ जन्मात ऐकली नव्हती.

"हे मले नाई येत," तो म्हणाला.

"येईन कसं? तिसऱ्या ओळीच्या आत तू झोपून जाय. मी मंग एकटीच म्हनत बसू."

आणि हे बोलताना तिचा चेहरा बदलला. तोंडून निघून गेलेलं वाक्य आता तिलाच ऐकू आलं असावं. ती उठून उभी राहिली. मांडीवरची पानं खाली सांडली.

"मंग मी पागल नव्हती," ती म्हणाली.

इनायतला वाटलं, ती आता रडेल, आपल्याला जवळ घेईल. तो त्याच तयारीनं आला होता. पण तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. तिनं त्याचं मनगट धरलं, जोरात, नखं रुततील असं.

"चाल."

ती पाळ उतरली, तांदळाच्या दगडाला वळसा घालून गावात शिरली. कापणीवरून परतणारी माणसं रस्त्यात उभी राहिली. पहिलं घर भैयाजींचं. तिनं बाहेरूनच हाक दिली, "सुगंधा!"

दोघं नवरा-बायको दारात आले.

"लेकरू होतं," भागीरथा म्हणाली. "हे पाहा. हात लावून पाहा. चिंध्या नाई."

सुगंधाबाई इनायतकडे बघत राहिली. इनायतनं, काय करावं ते न सुचून, आपला हात पुढे केला. म्हातारीनं भीत भीत दोन बोटं त्याच्या मनगटाला लावली आणि पटकन काढून घेतली. मग पुन्हा लावली, आणि या खेपेला राहू दिली.

"हात ऊन लागते," ती नवऱ्याला म्हणाली. "जित्ता हाये."

भैयाजींनी इनायतला काय काय विचारलं, बापाचं नाव, धंदा, मरणाचं साल. उत्तरं ऐकता ऐकता ते ओसरीवर बसले. "भागीरथा," ते म्हणाले, "आमाले जे दिसलं तेच आमी बोललो."

"होय," ती म्हणाली. "आता दिसलं ते बोला."

ती तिथं थांबली नाही. शेजारचं घर, मग त्याच्या पुढचं. प्रत्येक दारात तेच वाक्य, आणि प्रत्येक दारात इनायतचा पुढे केलेला हात. काहींनी हात लावला. काही लांबूनच पाया पडले. सोमारी नावाची एक थकलेली बाई, जिचे दोन भाऊ साथीत गेले होते, तिनं इनायतचा हात दोन्ही हातांत धरून ठेवला आणि सोडायलाच तयार होईना. "तुह्या झोपेसाठी गात होती ती," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "अन् आमी म्हनलं, आमच्या मरनासाठी." तरुण पोरांना हे काय चाललंय ते घडीभर कळेना, मग कोणीतरी त्यांना सांगितलं आणि तीही मागे चालू लागली, अंतर राखून.

पुढच्या गोष्टी पुढे झाल्या. भागीरथा आरमोरीला राहायला आली नाही. बोडी सोडून मला झोप लागणार नाही, म्हणाली. इनायत दर महिन्याला जात राहिला. तांदूळ मात्र त्यानंतर कोणी दगडावर ठेवला नाही. बायका पाळ चढून झोपडीपर्यंत यायच्या. ती गेली तेव्हा तिला खांदा द्यायला सगळं कोसमटोला आलं, आणि खांदेकऱ्यांत इनायतही होता. गाणं थांबवा, असं त्यानं गुणवंतरावांना हात जोडून सांगितलं होतं. त्यांनी ऐकलंही. पण तोवर ते दंडारीचं राहिलं नव्हतं. आलापल्लीकडे सागवान वाहणारे गाडीवान ते म्हणत, सिरोंच्याच्या बाजारात त्याला तेलुगू शब्द लागले होते. ज्यानं त्यानं आपापलं जुनं काहीतरी त्यात ऐकलं. तिसरी ओळ मात्र कोणाकडेच नव्हती, आणि इनायतनं ती पेटीवर कधी वाजवली नाही.

पण त्या दिवशीचं सांगायचं तर, गाव संपलं तरी भागीरथा थांबली नव्हती. शेवटच्या घरापुढे, बोरीच्या झुडपांतून पायवाट जात होती. तिनं इनायतला त्या वाटेनं ओढलं. मागे येणारी माणसं तिथं आपसूक थबकली.

झुडपांपलीकडे एका घराचं जोतं होतं. भिंती पावसानं खाली बसल्या होत्या, छप्पर केव्हाच गेलं होतं. दाराची नुसती चौकट उभी होती, आणि तिच्यातून पलीकडचं रान दिसत होतं. भागीरथाचं हे सासर. साथीत तिथून जे बाहेर नेले, त्यांच्यानंतर तिथं कोणी राहिलं नव्हतं.

ती उंबऱ्यापाशी उभी राहिली. डोक्यावरचा पदर नीट केला, सासरच्या दारात करतात तसा.

"लेकरू होतं," ती आत म्हणाली.

आतून काही आलं नाही. ती थांबली, जितकी दुसऱ्या दारांत थांबली होती तितकीच. तिची पकड सैल झाली नव्हती. कोणत्या लेकराबद्दल ती बोलत होती हे इनायतनं विचारलं नाही. त्यानं दुसऱ्या घरांत केला होता तसाच आपला हात त्या रिकाम्या चौकटीतून आत केला, आणि ती निघू म्हणेपर्यंत तसाच धरून ठेवला.